अण्णांना दिसेल असा रंग

अण्णा, गेल्या आठवड्यात आमच्या मीटिंगमध्ये तुमचा विषय निघाला. मीच काढला. मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. गावात कुणी विचारलं की तुम्ही "कंपूटरवर हाय" म्हणायचात आणि तंबाखू मळायला घ्यायचात. तर आता ऐका. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं ज्या एडिटरमध्ये दिवसभर लिहितात, त्यात सगळी अक्षरं एकाच रंगाची असली तर डोळे शिणतात. म्हणून हुकमाचे शब्द एका रंगात, आकडे दुसऱ्या, अवतरणातला मजकूर तिसऱ्या, असे रंग दिलेले असतात. हे रंग ठरवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. त्यातही मूळचे रंग, म्हणजे एडिटर उघडल्याबरोबर, कुणी कशाला हात न लावता जे दिसतात ते. इतकं शिकून पोरगी शेवटी रंगरंगोटीलाच लागली, असं तुम्ही म्हणाला असतात आणि स्वतःच हसला असतात.

हे सगळं मी आपल्या गावातून, झरीतूनच करते. तुम्ही गेल्यावर माय एकटी राहीना आणि झरी सोडीना, तेव्हा मीच आले. पेंडीची पोती ठेवायचात त्या खोलीत आता माझं टेबल आहे. पावसाळी हवेत खोलीला अजून पेंडीचा वास येतो आणि मग मला काम सुचत नाही. त्या दिवशी मीटिंगमध्ये रंग जवळजवळ ठरलेच होते. काळ्या पाटीवर हुकमाचे शब्द लाल, मजकूर हिरवा. दिसायला झकास. मी म्हणाले, लाल आणि हिरवा काही जणांना सारखाच दिसतो, त्यांनी काय करायचं? आमचा पुण्याचा प्रमुख स्वभावाने गोड आहे. तो म्हणाला, "त्यांनी बदलून घ्यावेत की. सेटिंगमध्ये सोय आहेच." मी म्हणाले, माझे वडील बदलून घेणाऱ्यांतले नव्हते. समोर येईल ते तसंच घ्यायचे आणि आपल्याला दिसत नाही हे कुणाला कळू द्यायचे नाहीत. त्याने विचारलं, तेही प्रोग्रॅमर होते का? शेतकरी होते, मी म्हणाले. मग तो म्हणाला, तुमच्या मनातले रंग करून दाखवा.

तेव्हापासून मला तो पोळा सोडत नाही. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झालीय, सकाळी तुम्ही बैल धुऊन आणलेत आणि अंगणात उकिडवे बसून शिंगं रंगवताय. शेजारी ऑइल पेंटचे दोन डबे, एक लाल, एक हिरवा. हिरवा बैलगाडीच्या साटीसाठी आणलेला. एका बैलाची शिंगं झाली, मधे कुणीतरी हाक मारली, तुम्ही उठलात, आलात, आणि दुसऱ्या बैलाला बसलात. संध्याकाळी मारुतीसमोर जोडी उभी राहिली तेव्हा एकाची शिंगं लालभडक आणि दुसऱ्याची हिरवीगार. सगळी वेस हसायला लागली. "काय नवी फ्याशन काढली बाबा," कुणी म्हणालं. तुम्ही क्षणभर दोन्ही बैलांकडे पाहिलंत, आणि काय चुकलं ते न कळताच सगळ्यांबरोबर हसलात. ते हसू मला आजही बघवत नाही. घरी आल्यावर मी विचारायला तोंड उघडलं तर मायने चिमटा काढला, "गप बस. जेवायलेत ते." पुढच्या पोळ्याला लाल डब्याच्या कडीला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. त्या चिंधीबद्दल तुम्ही दोघं कधी एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही चिंधी चाचपायचात आणि ब्रश बुडवायचात.

आणि ती निळी ओढणी. मी कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही परभणीहून ती आणलीत. निळीच का, असं कुणाला वाटलं नाही, कारण तुम्ही आणलेलं सगळं निळंच असायचं. माझं दप्तर, मायची लुगडी, तुमचे स्वतःचे शर्ट. माय कुरकुरायची, "दुकानात दुसरा रंगच न्हाई का?" मी सुट्टीला यायची असले की फोनवर तुमचं एकच पालुपद, येताना ती निळी घाल. एकदा मी मैत्रिणीची लाल घालून आले. एसटीतून उतरले, तर तुम्ही स्टँडवर गर्दीत मान उंच करून शोधताय. माझ्या अंगावरून दोनदा गेलात. मी हाक मारली तेव्हा वळलात, आणि मी तुम्हाला इतकं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. "निळी घाल म्हन्लो व्हतो ना तुला? कवापासून हुडकायलोय." घरी येईपर्यंत तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, बापाला पोरीचे कपडेसुद्धा स्वतःच्या मर्जीचे हवेत.

आमच्या कामात एक सोय असते. ती चालू केली की पडद्यावरचं सगळं, लाल-हिरवा न कळणाऱ्या माणसाला दिसतं तसं दिसायला लागतं. रंग तपासायला ती चालू केली आणि मला राहवलं नाही. भिंतीवरचा त्याच पोळ्याचा फोटो खाली उतरवला, मोबाइलने त्याचा फोटो घेतला आणि पडद्यावर टाकला. तेवढ्यात माय चहा घेऊन आली. मी म्हणाले, माय, बघ, अण्णांना असं दिसायचं. मारुतीचा शेंदूर मातकट झालेला, कडुलिंबही त्याच वळणाचा. आणि तुमच्या दोन्ही बाजूंना दोन बैल, चार शिंगं, सगळी एकसारखी. माय चष्मा पुसून पुढे वाकली. कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्यांनी बराबरच रंगवले व्हते."

पदराने डोळे पुसत ती चुलीकडे गेली. मी तशीच बसले. त्या मातकट फोटोत दोनच गोष्टी जशाच्या तशा राहिल्या होत्या, तुमचा शर्ट आणि कोपऱ्यात उभी असलेली मी. अंगात तुम्ही आणलेला निळा फ्रॉक. स्टँडवर तुम्ही मला कसं शोधत असाल ते मला इतक्या वर्षांनी दिसलं. अण्णा, तुम्ही एकदा जरी सांगितलं असतं तरी मी जन्मभर निळ्याशिवाय दुसरं काही नेसले नसते. आता रोज नेसले तरी स्टँडवर कोण उभं आहे?

आज रंग दाखवले. हुकमाचे शब्द निळे, आणि नुसते निळे नाहीत, ठळकही. म्हणजे रंग नाही कळला तरी जाडीवरून कळावेत. ही मायची चिंधी. मजकूर हळदीसारखा पिवळा. सगळ्यांना आवडले, तेच ठरले. आता न विचारणाऱ्या, न बदलणाऱ्या कितीतरी माणसांसमोर ते आपोआप उघडतील. हे मी त्याच एडिटरमध्ये लिहितेय आणि ती सोय अजून बंद केलेली नाही. खिडकीबाहेर माय मिरच्या वाळत घालतेय, त्या तेवढ्या लाल दिसतात. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. निळाच का, असं प्रमुखाने विचारलं तेव्हा मी म्हणाले, निळा बहुतेक सगळ्यांना दिसतो. ते खोटं नाही. पण मी तो घेतला, कारण तो तुम्हाला दिसायचा.