धाकटेपणाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय सत्तर, धंदा मुलांच्या पुस्तकांतली चित्रे काढणे, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ असे घालायला वकीलबाईंनी सांगितले आहे, म्हणून घालते. दडपण सध्या बाहेरच्या खोलीत बसून हाका मारत आहे, “छकुले, माझा चष्मा बघितलास का गं?” चष्मा कपाळावर असणार.

दडपण म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा, ताई आणि शेंडेफळ मी, तिघे एकाच घरात राहतो. लग्न एकाचेही झाले नाही. आम्हा ज्यू लोकांच्या सणांची चित्रपुस्तके आम्ही लहान मुलांसाठी करतो. दादा लिहितो, मी चित्रे काढते, ताई आम्हा दोघांना सांभाळते. पुस्तकांतली लाल रिबीनवाली छकुली दादाने माझ्या बालपणावरून बेतली. ती अजून पाच वर्षांचीच आहे, आणि घरात मीसुद्धा.

कलम १. घरातला माझा हिस्सा दादा व ताई यांना समसमान. दुसऱ्या कोणाला देणार? फक्त मी काम करते त्या मागच्या खोलीचे दार वाजवल्याशिवाय कोणी उघडू नये. माझ्या हयातीत हे जमले नाही.

कलम २. बँकेत असेल ते ताईला. तिने त्यातून स्वतःसाठी काहीतरी घ्यावे आणि दादाला विचारू नये. तिचा जीव होणार नाही, तरी लिहून ठेवते.

कलम ३. माझे टेबल, ब्रश व रंग आमची जाड पानांची पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरबाईंना. त्या एकदा म्हणाल्या, “अहो, ही पोरगी मोठी कधी व्हायची? माझ्या मुलाला मिशा फुटल्या!” एवढी साधी चौकशी दुसऱ्या कोणी केली नव्हती.

त्या तेव्हा सुक्कोतचे पुस्तक बांधत होत्या. या सणाला अंगणात फांद्यांच्या छपराचा मांडव घालून त्यात राहायचे असते. मी छकुलीला शिडीवर चढवले होते, आपल्या हाताने छपरावर फांदी टाकताना. दादा म्हणाला, “पडेल ती. खाली उभी कर.” मी खोडून खाली उभी केली. त्याच वर्षी दुसऱ्या गावच्या एका शाळेने मला चित्रकला शिकवायला बोलावले होते. त्यांचा माणूस घरी आला, तर दादाने दारातच सांगून टाकले, “ती लहान आहे हो, एकटी नाही राहायची.” मी चौतीस वर्षांची होते आणि आत त्या माणसासाठी चहा गाळत होते. ताई कुजबुजली, “जाऊ दे गं, कशाला त्याच्या तोंडी लागतेस?” माणूस चहा न घेताच गेला. हा राग मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेते.

कलम ४. छकुलीचे सर्व हक्क दादाला आणि ती ‘आहे तशीच’ राहील, असा मसुदा दादाने मला करून दिला होता. तो मी फाडला. पुढे जो कोणी तिला काढील त्याच्याकडे हक्क जावेत. अट एकच, दर नव्या पुस्तकात ती वर्षाने मोठी व्हावी. तिला शिडीवर चढवावे. पडली तर पडू द्यावे.

कलम ५. धाकटेपण. माझी खरी मिळकत हीच. पेसाह हा आमचा गुलामीतून सुटल्याचा सण. त्या रात्री जेवणाआधी घरातल्या सर्वांत लहानाने चार प्रश्न विचारायचे, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, वगैरे, आणि वडीलधाऱ्याने उत्तर द्यायचे. आमच्या घरात माझ्यानंतर कोणी जन्मलेच नाही. त्यामुळे या वयातही प्रश्न मीच विचारते, दादा उत्तर देतो आणि ताई म्हणते, “किती गोड म्हटलंस गं!” गेल्या वर्षी मी म्हटले, “दादा, यंदा तू विचार, मी सांगते.” दोघे पोट धरून हसले. “वेडी कुठली! चल, विचार लवकर, सूप निवतंय.” मी विचारले. आणखी काय करणार होते?

डॉक्टर माझ्या हृदयाविषयी जे बोलले त्यावरून आधी मीच जाणार. दादा ठणठणीत आहे. तेव्हा वाटणी अशी.

माझ्या पश्चात घरात धाकटी ताई, वय सत्त्याहत्तर. प्रश्न तिने विचारावेत. दादाने चुकून तिला छकुली म्हटले, तर तिने ओ देऊ नये.

ताईच्या पश्चात धाकटा दादा. माणूस एकटा उरला तर त्याने स्वतःलाच विचारायचे, असा नियम आहे. आमच्या पुस्तकात ते पान नाही. “मुलं घाबरतील,” म्हणून दादाने ते लिहिलेच नाही. तर त्या रात्री त्याने टेबलाशी बसून चारही प्रश्न मोठ्याने विचारावेत, मनातल्या मनात चालणार नाही. मग उत्तरही आपले आपण द्यावे.

हे लिहून मला बरे वाटेल असे वाटले होते. रडूच आले. पण कलम बदलत नाही.

सही: माझी, पूर्ण नावाने.
साक्षीदार: १. वकीलबाई. २. कोपऱ्यावरचे औषधवाले. दोघांनी माझ्यादेखत आणि मी दोघांच्यादेखत सही केली.
स्थळ: मागची खोली.
दिनांक: पेसाहचा आदला दिवस. उद्या रात्री प्रश्न मलाच विचारायचे आहेत.