काठोकाठ टाकी आणि एक अंगठा

अंगठा काढता येत नाही, म्हणून हे मृत्युपत्र मी, सिक्स्टन हेडलोव्ह, वय एकाहत्तर, गाडीत बसून तोंडी सांगतो आहे आणि शेजारीण गुनवर ते जसेच्या तसे लिहून घेते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जबरदस्ती कोणा माणसाची नाही, पेट्रोलची आहे.

परिस्थिती नोंदवतो. वडिलांच्या या १९३० च्या गाडीची टाकी चालवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर आहे आणि तिच्या तळाला पेट्रोल बंद करायचा कॉक. तो गळत होता. ऑक्टोबरात टाकी मी स्वतः रिकामी केली होती; काटाही शून्यावर होता; तो तिथेच अडकलेला आहे हे आता कळले. म्हणून जुना कॉक सोडवला. टाकी काठोकाठ भरलेली निघाली. भोकावर अंगठा दाबेपर्यंत विजार भिजली. नवा कॉक किंवा साधे बूच बसवायचे तरी अंगठा काढावा लागेल, वाटीभर सांडेल, आणि चार पावलांवर लाकडाची शेगडी पेटलेली आहे. गॅरेजचे मोठे दार बर्फाने अडले आहे. छोटे दार शेगडीला लागून आहे. माझा धाकटा भाऊ होल्गर चिमट्याने निखारे झाकणाच्या बादलीत भरून बाहेर नेतो आहे.

कलम एक. घर होल्गरला. मला मूलबाळ नाही. कायद्याने तसेही त्यालाच जाईल.

कलम दोन. बँकेत असेल ते चर्चच्या छपराला. पाद्रीबाईंनी त्यावर भाषण करू नये.

कलम तीन. हत्यारे पोस्टमन टागेला द्यायची होती. पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही.

"मग मी बाहेर जाऊ का, काका?"

"गप उभा राहा."

कलम चार. गाडी होल्गरला मिळू नये. हिवाळ्यात टाकी भरून ठेवावी, नाहीतर आतून गंजते, असे तो म्हणतो. मी रिकामी ठेवतो. यावरून अकरा वर्षे आमचे बोलणे नाही.

"मीच भरली," होल्गर म्हणाला.

"काय?"

"टाकी. दर ऑक्टोबरला. तू रिकामी करून गेलास की मी भरायचो. बाबांची किल्ली होती माझ्याकडे. एप्रिल लागायच्या आत नळीने काढून न्यायचो. यंदा कंबर धरली, राहून गेलं."

"चोरा!"

"गंजली का टाकी अकरा वर्षांत? सांग ना."

"तुझ्या शहाणपणामुळे मी जळून मरणार आहे."

"मर सावकाश. आता हलू नकोस. निखारा पडलाय."

निखारा गाडीच्या मागच्या चाकापाशी घरंगळत आला. चिमटा बादलीत अडकला होता. होल्गरने निखारा उघड्या हाताने उचलला आणि दाराबाहेर फेकला. ओरडला नाही. गुनवर, हेही लिही.

कलम चार, दुरुस्ती. अंगठा बधिर झाला आहे, कडेने थेंब येऊ लागला आहे, तेव्हा थोडक्यात. गाडी होल्गरला. अट एकच: हिवाळ्यात टाकी रिकामी ठेवावी.

"ते जमायचं नाही," होल्गर म्हणाला.

"अरे, मरणाऱ्या माणसाचं तरी ऐक!"

"टाकी गंजेल."

अट खोड, गुनवर. लवकर.

सही करता येत नाही. उजवा हात टाकीखाली आहे. मी बोललो आणि दोघांनी ऐकले, यावरच हे टिकावे.

साक्षीदार: गुनवर स्टेनमार्क, निवृत्त शिक्षिका
टागे व्हिक्सेल, पोस्टमन

लिलबाक्का, येम्टलँड
९ एप्रिल १९८७, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे

नोंद: शेगडी पावणेचारला थंड झाली आणि कॉक बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद फाडू का, असे विचारायला मी गेले. सिक्स्टन म्हणाला, "राहू दे. असं तोंडी मृत्युपत्र तीन महिन्यांनी आपोआप रद्द होतं. तोवर बघतो तो कसा वागतो." — गु. स्टे.