कॉलरची दुहेरी टीप

ती. बाबा,

नमस्कार. आधीच सांगते, मी धडधाकट आहे.

काल माझ्या लाडक्या रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेले होते. पहिल्याच गाण्याला मागून गर्दी लोटली आणि मी स्टेजसमोरच्या कठड्यावर अशी दाबले गेले, की श्वास घेता येईना. शेवटी पलीकडच्या रखवालदाराने माझ्या जाकिटाची कॉलर धरून मला वर ओढून काढलं.

तुम्ही तिला दुहेरी टीप मारलीत तेव्हा, "पोतं शिवताय का?" म्हणून मी हसले होते. कॉलर उसवली नाही, बाबा.

आईला गाणी छान झाली एवढंच सांगा. माझ्या बाकीच्या कपड्यांनाही तशीच टीप हवीय; तुम्हाला सुई ओवता येते ना अजून?

माझ्यानंतर त्याने शेजारच्या मुलीला धरलं. तिची कॉलर फाटून त्याच्या हातात आली आणि ती गर्दीत खाली गेली. सकाळपासून मी तिची चौकशी करत फिरतेय.

तुमची,
धाकटी