मरीआईच्या गाड्यावर सार्वजनिक आरोग्य

सोलापूर,
शुक्रवार, २५ जुलै १९७५

तीर्थस्वरूप धोंडप्पा मामांच्या चरणी शिवपुत्राचा दंडवत आणि शरणार्थ. तुमची गुडघेदुखी, महानंदा मामींचा खोकला आणि तांबड्या गाईचं खाणंपिणं, तिन्ही ठीक असावं. इकडे अव्वा मजेत, अप्पा दुकानात मजेत. मी सोडून सगळे मजेत. सलाइनच्या बाटल्या न्यायला आलोय. भांडारातला कारकून जेवायला गेलाय, त्याच्या पायरीवर बसून हे लिहितोय.

आधी कामाचं सांगतो, कारण पत्र वाचता वाचता तुम्हाला डुलकी लागते (मामींनीच सांगितलं). मला हा आरोग्याचा अभ्यासक्रम सोडायचा आहे. अप्पांना सांगायची माझी छाती नाही. तुम्ही अव्वाचे थोरले भाऊ, त्यातून गावचे पोलीस पाटील. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. तेव्हा त्यांना चार ओळी लिहा आणि मला सात रस्त्यावरच्या कापडदुकानात बसवून घ्यायला सांगा. लुगड्याची घडी चुकली तर कुणी मरत नाही.

या फंदात मी पडलोच कसा, म्हणाल. भीतीपोटी. इंटरला मार्क बरे पडले तेव्हा सगळं घर मला डॉक्टर करायला निघालं होतं, आणि मला तर दाढी करताना गालावर रक्त दिसलं तरी खाली बसावं लागतं. कॉलेजातले एक सर म्हणाले, सार्वजनिक आरोग्य घे, त्यात रोगी नसतोच, रोग व्हायच्या आधीच काम संपतं. मला वाटलं, देव पावला. डोळ्यांसमोर टेबल आलं, डोक्यावर पंखा आला. फॉर्मवर 'ही शाखा का निवडली?' असा रकाना होता, त्यात मी 'जनसेवा' लिहिलं. जागा दोन बोटंच होती, नाहीतर खरं लिहिलं असतं. (हे खोटं आहे, मामा. नसतं लिहिलं.)

वर्षभर पंखा मिळाला. यंदा सांगोल्याकडे पटकीची कुणकुण लागली आणि आमची तुकडी तिकडे पाठवली. माझ्या वाट्याला आली चार गावं, विहिरींचं पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा एक ड्रम, आणि जीप बिघडली म्हणून मायाप्पा नावाच्या गाडीवानाची बैलगाडी. उन्हात पावडरीचा दम जातो, हे मला परीक्षेत दोन मार्कांना आलं होतं, म्हणून ड्रम झाकायला सांगितला. मायाप्पाने त्याला बायकोचं हिरवं लुगडं गुंडाळलं, वर लिंबाचे डहाळे खोचले आणि गाडी हाकली. महिना आषाढ, वार मंगळवार. तुम्ही हसायला लागला असाल. तुम्ही खेड्यातले! रोगराई आली की मरीआईला हिरवं लुगडं नेसवून, लिंबाचे डहाळे लावून गाड्यावर बसवायचं आणि शिवेपार सोडायचं, मग पुढच्या गावाने तो गाडा आपल्या शिवेपार ढकलायचा, हे मला कोणत्या पुस्तकात शिकवलं होतं?

पहिल्या गावाच्या शिवेवर हलगी घेऊन पन्नास माणसं उभी. मला वाटलं, सरकारी कामाला काय मान आहे! मी गाडीत उभं राहून हात जोडले. बायांनी आधी ड्रमाला आणि मग मला हळदकुंकू लावलं, मांडीवर नारळ ठेवला, आणि चार गड्यांनी वेसण धरून गाडी जी पळवली ती चावडीवरून, शाळेवरून थेट पलीकडच्या शिवेबाहेर. विहीर आली तेव्हा मी ओरडून बोट दाखवलं. त्यांना वाटलं, आई काहीतरी मागतेय. त्यांनी विहिरीत एक लिंबू टाकलं. मी तोंड उघडणार तोच मायाप्पा पुटपुटला, 'सायेब, गप ऱ्हावा. आईचा गाडा आडवला तर लई मार बसंल.' दुसऱ्या गावातही हेच, फक्त काठ्या जास्त.

तिसऱ्या गावात मात्र एका म्हातारीने गाडी थांबवली. सोजरबाई तिचं नाव, कडेवर चार वर्षांची नात. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, 'पोरा, खरं सांग, काय हाय रं ह्यात?' मामा, विहीर दहा पावलांवर होती. झाकण माझ्या हाताखाली होतं. पण तिच्यामागे काठ्यावाले गडी होते. मी म्हणालो, 'आईच हाय.' तिने नातीचं डोकं ड्रमाला टेकवलं आणि बाजूला झाली. चार गावांत मिळून चमचाभर पावडर पडली नाही. नारळ मात्र चार मिळाले.

आठवड्याने त्या तिसऱ्या गावात सोळा माणसं आडवी झाली. शाळेच्या दोन खोल्यांत खाटा टाकल्यात आणि रोगी नसलेल्या शाखेचा हा विद्यार्थी तिथे बादल्या उचलतो. कोपऱ्यातल्या खाटेवर सोजरबाईची नात आहे. डोळे खोल गेलेत, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. म्हातारीने मला ओळखलं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तिने माझे पाय धरले. 'तू आईच्या गाड्यावरचा न्हवं? तुजं ऐकती की ती. तिला म्हनावं, पोरीला सोड.' रक्ताची भीती काहीच नाही, मामा. ही भीती जेवताना ताटात येऊन बसते. म्हणून म्हणतो, मला दुकानात बसवा.

मामींना नमस्कार.

आपला,
शिवपुत्र

ता. क. कारकून आला. बाटल्या मिळाल्या. नारळांचं अप्पांना कळवू नका.

ता. क. दुसरा (शनिवार, शाळेत). पत्र खिशातच राहिलं. आज सकाळी सोजरबाईला सगळं सांगितलं, की ड्रमात आई नव्हती, पावडर होती, आणि मी भिऊन खोटं बोललो. तिने नातीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, 'मग तवाच का न्हाय सांगितलंस?' मी बादली उचलली. दुपारी मी पावडर घेऊन विहिरीवर गेलो, तर ती आपणहून येऊन शेजारी उभी राहिली, म्हणून कुणी काठी उचलली नाही. नात अजून अशक्त आहे, पण सुई टोचताना आज रडली आणि डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी ठरतंय. मी बाहेर जाऊन बसलो. (रक्त दिसलं होतं, म्हणून.)

ता. क. तिसरा आणि खरा. हे पोस्टात टाकत नाही, मायाप्पाच्या हाती पाठवतो, कारण सोमवारी संध्याकाळी मी ड्रम घेऊन तुमच्या गावात येतोय. पुढच्या गावांच्या यादीत त्याचं नाव आहे. मंगळवारी तुम्ही गाडा सोडणार असं ऐकलं. खुशाल सोडा, मी आडवा येणार नाही. अप्पांना लिहायच्या चार ओळीही तूर्त राहू द्या. तुमच्याकडे मागणं वेगळंच आहे. पावडर टाकली की पाण्याला वास येतो आणि लोक ते तोंडात धरत नाहीत. चोरून ओढ्याचं पितात. तेव्हा मंगळवारी सकाळी पहिला तांब्या सगळ्यांसमोर पाटलांनी प्यावा. तुमच्या विहिरीच्या गोडीचं तुम्हाला किती कौतुक, ते मला माहीत आहे. तरी तोंड वाकडं करू नका, मामा. गाव तुमच्याकडेच बघत असेल, आणि मीसुद्धा.