उजवं पाऊल

दि. १९ ऑक्टोबर, रविवार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहिताना आज हात अडखळला, तेव्हा नुसता नमस्कार घे. मी बरी आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद हाती घेतला. पत्र काही मधेच कट करता येत नाही.

आईला सांग, जेवण ठीक आहे, अंथरूण स्वच्छ आहे आणि खोलीतली मैत्रीण घोरते. तूही शिकत असताना मुलांच्या याच दवाखान्यात आला होतास, तेव्हा तुला ठाऊकच आहे, आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना इथे भलताच मान. आपल्या कॉलेजात सुई हातात धरायची तर मागे कोणीतरी मोठं उभं असावं लागतं. इथे पहिल्याच सकाळी मोठ्या सिस्टरनी (मी मनात त्यांना फौजदारबाई म्हणते) माझ्या हातात ट्रे दिला. "घ्या, त्या कॉटपासून सुरू करा."

"मी अजून शिकतेय," मी म्हटलं.

"इथे सगळे शिकायलाच येतात," त्या हसून म्हणाल्या. तेव्हा मीही हसले होते.

निघताना माझ्या बॅगेची चेन लावता लावता तू बजावलंस, लहान मुलाला इंजेक्शन कमरेत द्यायचं नाही, मांडीतच द्यायचं. पुन्हा पुन्हा बजावलंस. मला वाटलं, दादाची आपली काळजी.

तुझी ती मुलगी भेटली, दादा. तीच, जिची गोष्ट आई येईल त्या पाहुण्याला ऐकवते आणि तू मान खाली घालून चहा पितोस. तापाने फणफणलेलं तान्हं बाळ, डॉक्टर दुसरीकडे अडकलेले, आणि आमच्या दादाने एकट्याने इंजेक्शन देऊन जीव वाचवला! त्या गोष्टीपायीच तर मी डॉक्टरकीला आले. आता ती शाळेत जाते. इथे व्यायामाच्या खोलीत आली होती. उजवं पाऊल तिला उचलता येत नाही, घासत नेते. त्या बुटाचं टोक झिजून पांढरं पडलंय.

फौजदारबाईंनी मला पुढे केलं, "ही त्यांची बहीण." तर मुलीच्या आईने माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. तिचं बोलणं फौजदारबाई मला सांगत होत्या. "त्यांच्या हाताला गुण होता," ती म्हणाली, आणि स्वतःच्या कमरेखाली बोट ठेवून जागाही दाखवली, अगदी कौतुकाने. "इथे टोचलं आणि ताप उतरला. पाय मात्र तापाने नेला. चूक माझीच, मी उशिरा आणलं." सासू तिला ऊठसूट तेच ऐकवते म्हणे.

ताप असं एकच पाऊल निवडून नेत नाही. तिने दाखवलेल्या जागेखालून पायाची मोठी नस जाते आणि तिला सुई लागली की पाऊल लुळं पडतं, हे मला शिकवलंय, तुलाही शिकवलं असणार. तरी मी मनाची समजूत घालत होते. चूक कोणाच्याही हातून होते, तूही विद्यार्थीच होतास, तुला कळलंच नसेल. म्हणून फोन केला. मी एवढंच म्हणाले, "तुझी ती मुलगी भेटली." आणि तू विचारलंस, "चालते का?"

कशी आहे, असं नाही. केवढी झाली, असंही नाही. चालते का!

वर तुझा मेसेज: "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. आईला त्रास होईल." कोणत्या आईला, दादा?

तेव्हाच बोलला असतास तर त्या पायावर वेळेत उपचार झाले असते. तू विमानात बसलास आणि बाळाला मांडीवर घेतलेला फोटो घरी येऊन स्वतःच्या दवाखान्यात लावलास. चुकीचा मला राग नाही. त्या फोटोची किळस येते.

काल मी मुलीच्या आईला सगळं सांगितलं. फौजदारबाई आधी सांगायला तयारच नव्हत्या. "जुनं उकरून काय मिळणार? उद्या विद्यार्थी यायचे बंद होतील." मग मला येतात तेवढ्या मोडक्या शब्दांत मीच सुरू केलं: सुई, पाय, माझा भाऊ. तेव्हा नाइलाजाने त्यांनी नीट सांगितलं.

ती रडली नाही. माझ्या अंगावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "मग मी उशीर केला नव्हता?"

मी नाही म्हणाले. तिने पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा नाही म्हणाले. मग मुलीच्या बुटाची नाडी बांधताना, मान वर न करता, "त्यांना माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

मुलीला घेऊन ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "त्यांना म्हणावं, येऊन माझ्या सासूला सांगा. माझं कोणी ऐकणार नाही."

निरोप पोचवला. तू येईपर्यंत मी इथेच आहे. 'लोभ असावा' लिहायची रीत आहे. लोभ आहे रे, तोच तर नडतोय.

तुझी धाकटी