दाखवायचा जोड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आधी कालची चूक. काल लिहिलं आहे – ‘दोन्ही मशीनं खोक्यात ठेवली, कॅमेऱ्याने पाहिलं, चिठ्ठी निघाली, खोकं बंद.’ क्रम चुकला. आधी कॅमेऱ्याने पाहिलं, चिठ्ठी निघाली, आणि मग मी मशीनं खोक्यात ठेवली. शब्द तेच, क्रम उलटा; आणि काल ऑफिसात एका तक्रारीपायी ज्या कागदावर सही केली त्यावरही हाच चुकीचा क्रम छापलेला आहे. सही करताना माझा हात अडखळलासुद्धा नाही.

कालचं खोडलं नाही. एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. आत्याचा नियम – खाडाखोड करणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं.

आता नीट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा घसरायला नको. आमच्या चौथ्या टेबलावर कानाची मशीनं भरतात. उजव्यावर लाल ठिपका, डाव्यावर निळा. डोक्यावर कॅमेरा. उघड्या खोक्यात त्याला एक लाल आणि एक निळा दिसला की दिवा हिरवा होतो, फोटो निघतो, मग पत्त्याची चिठ्ठी बाहेर येते. चिकटवलेली चिठ्ठीही तो वाचतो, नाव आणि नंबर जुळवतो. जुळलं नाही तर लाल दिवा, आणि पट्टा बंद. पट्टा बंद पडला की अख्खी शेड मान वळवून आपल्याकडे बघते.

मशीनं येतात चकचकीत पिशवीत. वरच्या ट्यूबचा उजेड पिशवीवर पडतो आणि कॅमेऱ्याला ठिपका दिसत नाही. माल बरोबर असला तरी दिवा लाल. पिशवी फोडायला बंदी. म्हणून पिशवीबाहेरचा एक जोड टेबलावर ठेवायची पद्धत पडली. तो खोक्यात ठेवायचा, हिरवा दिवा, फोटो, चिठ्ठी. मग तो उचलायचा आणि पिशवीतली मशीनं ठेवायची. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. त्या जोडाचं नावच ‘दाखवायचा’. दाखवायचा कुठे गेला? माझ्यासोबत भरणाऱ्या मावशींच्या ड्रॉवरमध्ये. दाखवायचा जरा पूस, धूळ बसली. दिवसाला तीनशे वेळा तो कुणा ना कुणाकडे जायला निघतो, आणि एकदाही जात नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ज्या तक्रारीसाठी सही घेतली, ती आज पाहिली. तक्रारबाई – तिला सगळे तसंच म्हणतात, ती तक्रारींच्या टेबलावर बसते – जेवायला माझ्यासोबत असते. डबा उघडता उघडता म्हणाली, ‘तुझा म्हातारा फार गोड लिहितो हं.’ आणि पत्राचा फोटो दाखवला.

शाईच्या पेनाने लिहिलेलं, अक्षर मुंगीएवढं पण एकही पाय वाकडा नाही. घड्याळं दुरुस्त करतो म्हणे. आलेली दोन्ही मशीनं डावी आहेत. उजवा कान रिकामा. एक वाक्य पाठ झालं – ‘एका कानाने घड्याळ चालतंय हे कळतं, बरोबर चालतंय का हे कळत नाही.’

‘मग बदलून दिलं?’ मी.

‘बदलून काय? फोटो आहे ना आपल्याकडे. एक लाल, एक निळा, वर तुझी सही. पाठवला त्यांना फोटो. शुक्रवारी, चौदा तारखेला फाइल बंद. मग नाव खोट्या तक्रारींच्या यादीत. पुन्हा काही मागवायचं म्हटलं तरी जमणार नाही बिचाऱ्याला.’

‘बिचाऱ्याला’ म्हणाली आणि लोणी लावलेला पाव खाल्ला. मी डबा झाकला.

तारीख बघितली. एकवीस जानेवारी, दुपारची पाळी, चौथं टेबल. मीच. डाव्या-उजव्याचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकाच डब्यात दोनदा हात घातला असणार – नाही, ‘असणार’ नको. दोन डावी गेली म्हणजे दोनदा घातला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज एकदाही लाल दिवा नाही. साहेब जाता जाता म्हणाले, ‘चौथ्या टेबलावर माशी बसली तरी दिवा हिरवा.’ सगळे हसले. मीही हसले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घड्याळजींचं दुसरं पत्र. तक्रारबाईने मला वाचूनच दाखवलं, हसत. ‘ऐक, ऐक. आपण पाठवलेला फोटो मी भिंगातून पाहिला. त्यातील उजव्या मशीनच्या कडेला नखाएवढा ओरखडा आहे. माझ्याकडे आलेल्या दोहोंपैकी एकावरही तो नाही. तेव्हा फोटो खरा असेल, परंतु तो माझ्या खोक्याचा नाही.’ मग म्हणाली, ‘म्हातारा भिंग लावून बसलाय, बोल!’

मी म्हटलं, फोटो मोठा करून दाखव.

ओरखडा होता. शेजारी माझा अंगठाही होता, पट्टी बांधलेला. त्या आठवड्यात कटर लागलं होतं.

मग मी खोटं बोलले. म्हटलं, माझ्या भरण्याचा वेग बघायचाय, त्या दिवशीचे बाकीचे फोटो दाखवतेस? तिने दाखवले. एकामागून एक. नाव वेगळं, पत्ता वेगळा, गाव वेगळं. ओरखडा तोच. माझी पट्टी असलेला अंगठा, नंतर मावशींचा बांगडीवाला हात, पुन्हा माझा. ओरखडा तोच. तिला काहीही दिसलं नाही. ती वेग मोजत होती.

इतके महिने कॅमेरा आमच्याबद्दल खरंच सांगतोय. बघितलं एका माणसाने, तेही लांब आपल्या घरी बसून, भिंगातून. आणि यादीत जाणार तो.

रविवार, ९ फेब्रुवारी

दार लावलं का ते चारदा बघितलं. गॅस तीनदा.

आत्या खिडकीपाशी उसवलेली बाही शिवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘गॅस पळून जात नाही. बस इथे.’

बसले.

‘कामावर एक चूक झाली,’ मी म्हटलं.

‘झाली?’

‘म्हणजे... केली.’

‘कोणी?’

‘तिथेच गोची आहे.’

‘गोची कसली? कर्ता सापडला की वाक्य संपतं.’ आणि दोरा दाताने तोडला.

नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे ही आत्या आणि जेवणाचं टेबल. बाबांच्या बदल्या सारख्या, म्हणून आत्याच म्हणाली, पोरीला मी शिकवते. क्रियापदाला धरायचं आणि विचारायचं, करणारा कोण? माझ्या हातून पेला गेला तेव्हा मी रडत आले, ‘पेला फुटला.’ तर आधी काचा गोळा केल्या नाहीत. आधी विचारलं, ‘फुटला की फोडला?’ मी फोडला म्हटल्यावर जवळ घेतलं. मग काचा.

आणि माझं शुद्धलेखन! घाईत काने खायची मी. ‘माझा कान’ लिहायला सांगितलं तर ‘मझा कन’. आत्या लाल पेन्सिलीने उभ्या रेघा देत जायची आणि म्हणायची, ‘काना गेला की शब्द बहिरा होतो ग.’

तिला सगळं सांगितलं नाही. अर्धंच. तिनेही उरलेलं मागितलं नाही, यानेच जास्त अस्वस्थ वाटतंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

मावशींशी बोलले. चहाच्या सुट्टीत, खोक्यांच्या चळतीमागे. मावशी कुणाच्याच मावशी नाहीत, पण वीस वर्षं या शेडमध्ये आहेत, म्हणून सगळ्यांच्या.

म्हटलं, ‘मावशी, तो जोड आपण देऊन टाकू या.’

‘कुणाला?’

‘साहेबांना.’

त्यांनी कप खाली ठेवला. मी घड्याळजींचं सगळं सांगितलं. ओरखडा, भिंग, यादी. ऐकता ऐकता एकदा हसल्या – ‘आपण कधी कुणात डावं-उजवं केलं नाही बघ, तेच नडलं.’ मग चळतीवरची एक पिशवी उचलली आणि डोळ्यांपाशी नेली. आणखी जवळ नेली. नाकाला लागेपर्यंत.

‘यावर ठिपका कुठला आहे, सांग मला.’

‘निळा.’

‘मला चमक दिसते नुसती. मोतीबिंदू. मार्चअखेरीस काढतायत एक. तोवर मी इथे टिकते ती त्या जोडावर. तो आहे तर कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेऱ्याला दिसतं म्हणून मला दिसतं, असं सगळ्यांना वाटतं.’

‘पण मग तुम्ही डावं-उजवं ओळखता कसं?’

‘डब्यावरून. डबे सरकले तर देव जाणे.’ मग हळूच, ‘मला काय येतं बाई? मी आपली बघून बघून शिकले. एवढा दीड महिना या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस. मग काय करायचं ते कर.’

‘दीड महिन्यात आणखी किती जणांना दोन डावी जातील, मावशी?’

त्यांनी पिशवी परत चळतीवर ठेवली. मी ते रागाने विचारलं नव्हतं, पण तसं ऐकू गेलं. त्यांची चूक निघाली तर त्यांना घरी बसवतील. मोतीबिंदू निघण्याआधी नोकरी जाईल. आणि गप्प बसले तर एक माणूस, ज्याने आयुष्यभर कुणाचं एक मिनिट इकडेतिकडे केलं नसेल, खोटारडा ठरेल. माझ्या सहीने.

पाळी संपताना मावशींनी ड्रॉवर उघडला. जोड रुमालात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला.

‘घे. तुझं तुझ्यापाशी राहू दे.’

‘माझं?’

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. धूसर दिसत असेल त्यांना माझं तोंड, तरी बघत राहिल्या. मग पिशवी खांद्याला लावून निघून गेल्या.

तसं का म्हणाल्या, मला माहीत आहे. आज लिहीत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुरुस्ती. चार तारखेचं पान. ‘पिशवीबाहेरचा एक जोड टेबलावर ठेवायची पद्धत पडली.’ आठवडाभर हे वाक्य रोज वाचलं आणि रोज पुढे गेले. कर्ता नाही. एक काना राहिलाय.

पाडली. मी पाडली. ऑगस्टमध्ये, माझा दिवा एका सकाळी तीनदा लाल झाला त्या दिवशी. पिशवी मी फोडली. नाव मी ठेवलं. मावशींना मी शिकवलं, त्या नको म्हणत असताना. त्यांच्या डोळ्यांसाठी केलं असं आत्ता लिहिणार होते. तेव्हा त्यांच्या डोळ्यांचं मला माहीतच नव्हतं.

शब्दावर रेघ मारली. वर काना देऊन पुन्हा लिहिला. पुढे ‘मी’.

उद्या. बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी सव्वाआठ, पट्टा सुरू व्हायच्या आत. साहेबांच्या टेबलावर ओरखड्याचा जोड, माझी सही परत मागणारा अर्ज, आणि घड्याळजींसाठी एक उजवं मशीन – पिशवी खिडकीच्या उजेडात धरून, लाल ठिपका माझ्या डोळ्यांनी बघून.