बोकडाला घातलेली आंघोळ

लपीर, मिशिगन
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थस्वरूप मेव्हणेबुवा क्लेटन यांचे सेवेशी,

मर्लचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी पाचच अंगं टेकतात, ती गोड मानून घ्यावीत.) तुमचा नवा खुबा कसा आहे? काठी सुटली का? रोंडा म्हणत होती की बाबा अ‍ॅरिझोनात नुसते सावली शोधत हिंडतात आणि नातवंडांवर खेकसतात, म्हणजे दुखण्याला उतार आहे हे आम्ही ओळखलं. इकडे आम्ही खुशाल. व्हर्नाचा बीपी आटोक्यात आहे. माझा परवापर्यंत नव्हता, आता आहे. तो का नव्हता तेच सांगायला हे पत्र.

आधी खाली बसा. बसला असाल तर उठू नका. बोकड सुखरूप आहे. पुन्हा लिहितो, बोकड सुखरूप आहे, चारी चाकांवर उभा आहे, आणि आत्ता मी लिहितोय तिथून खिडकीतून मला त्याचं हिरवं ढुंगण दिसतंय. एवढं ध्यानात धरून पुढचं वाचा.

तुम्ही बर्फ पडायच्या आत आपली एकोणसत्तरची जीटीओ माझ्या शेडमध्ये ठेवून गेलात, तेव्हा दिलेला दम मला तोंडपाठ आहे. (या गाडीला देशभर बोकडच म्हणतात, पण आपला तो बोकड, बाकीच्यांच्या शेळ्या.) गाडीला पाणी लावायचं नाही. साबण लावायचा नाही. बॉनेटखाली फडकंसुद्धा न्यायचं नाही. कारखान्यातून निघाली तशी आहे, रंग तोच, नट तेच, धूळसुद्धा तीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, इंजिनामागच्या पत्र्यावरची ती पिवळ्या खडूची बरोबरची खूण. आपले सासरे (म्हणजे माझे सासरे, तुमचे वडील) पॉन्टिअ‍ॅकच्या कारखान्यात तपासणीला होते, आणि ही गाडी जुळणीच्या पट्ट्यावरून जाताना त्यांनी स्वतः खूण केली, आणि मग तीच हुडकून विकत घेतली, हे तुम्ही आल्यागेल्याला बॉनेट उघडून सांगत आलात. मी स्वतः ते इतक्यांदा ऐकलंय की मधेच झोपून उठलो तरी कुठवर आलंय ते मला कळतं.

आता तुम्हाला एक सांगतो, रागावू नका. मला गाडीची काळजी नव्हती. मला काळजी होती ती तुमच्या रविवारच्या फोनची. सासरे गेले, गाडीची चावी तुमच्या हातात पडली, आणि तेव्हापासून तुम्ही बहीण-भाऊ ख्रिसमसच्या कार्डावर नुसती सही करून पाठवत होतात. व्हर्ना म्हणायची, गाडी गेली खड्ड्यात, पण बाबांनी मला एकदा विचारलं तरी असतं. तुमचा खुबा बदलायचं ठरलं आणि तुम्ही आपण होऊन गाडी आमच्या दारात आणलीत, त्या दिवसापासून दर रविवारी फोन येतो. बायको स्वयंपाकघरात पाठ करून उभी असते आणि हसते. तुम्ही काय बोलता देव जाणे, पण तिचं ते हसणं या घरात कितीतरी वर्षांनी ऐकू आलं. गाडीला काही झालं तर ते बंद होणार, ही माझी धास्ती. खुब्याचे उपकार मानतो म्हटलं तर राग येईल, पण मानतो.

तर झालं असं. जत्रेच्या मैदानावरचं गाड्यांचं प्रदर्शन जवळ आलं. तुमचा हुकूम होताच की मी येऊ शकत नाही, तू बोकड ने आणि 'जशीच्या तशी' गटात उभा कर. मी आदल्या दिवशी दाढ काढायला गेलो होतो. परत आलो तो अर्धं तोंड बधिर. पाहतो तर शेडचं दार सताड उघडं, बोकड बाहेर अंगणात, बॉनेट वर, आणि व्हर्ना रबराचे हातमोजे घालून हातात पाण्याची नळी धरून उभी. फेस गटाराकडे चाललेला. मला पाहून म्हणाली, "अहो, बघा तरी! दादा खूश होईल की नाही? किती मळवून ठेवली होती मेल्याने!"

मी ओरडलो. पण दाढेच्या इंजेक्शनमुळे तोंडातून फक्त लाळ आली. तिला वाटलं मी सद्गदित झालो. (पुढचा तासभर ती माझ्याशी फार प्रेमाने वागली, तेही सांगतो.)

मेव्हणेबुवा, आंघोळ घातलेल्या बोकडाचं पुढे काय होतं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. पत्रा चकाचक. खूण गायब. भांडी घासायच्या साबणाने सासऱ्यांचा हात धुऊन नेला होता! आणि ती बिचारी काय पाप करत होती? भावाला खूश करत होती. इतक्या वर्षांत तिने त्या बॉनेटखाली डोकावून पाहिलं नव्हतं, तिला खुणेचा पत्ताच नव्हता. तिला सांगावं तर तिचं काळीज फाटणार. तुम्हाला सांगावं तर रविवारचा फोन गेला. मी काय केलं असतं? जे कुठलाही घाबरट नवरा करील तेच केलं. बाजारातून पिवळा खडू आणला, तुमच्याच फोटोत बघून खूण तशीच्या तशी काढली, आणि वरून शेडमधली धूळ फुंकून मारली. धूळ कमी पडली तेव्हा व्हॅक्यूमची पिशवी उलटी केली. तिच्यात मांजराचे केस निघाले. ते वेचत बसलो.

प्रदर्शनाच्या दिवशी बोकड रांगेत उभा. शेजारच्या गाड्यांचे मालक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते आणि एकमेकांच्या धुळीचं कौतुक करत होते. एक जण मला म्हणाला, "काय मर्ल, तुझ्या बोकडाला शाम्पूचा वास येतोय!" आणि सगळे फिदीफिदी हसले. मी हसलो नाही. व्हर्ना बटाट्याच्या सॅलडचा डबा मांडीवर घेऊन ताठ बसली होती, स्वतःच्या मुलीचं लग्न असल्यासारखी.

परीक्षक आले, टेसमर नावाचे. उंच, वाकलेले, कमरेला टॉर्च. त्यांनी बॉनेटमध्ये नाक घातलं, नाक बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं की ही खूण कोणाची? मी घसा खाकरून तुमची ती गोष्ट सुरू केली. सासरे, पट्टा, खडू. ऐकता ऐकता व्हर्ना उठली. डबा खुर्चीवर ठेवला, जवळ आली, चष्मा पुसला, आणि म्हणाली, "ही बाबांची खूण नाही."

मी म्हणालो, व्हर्ना, गप्प बस. ती म्हणाली, "गप्प काय? बाबा डावखुरे होते. माझ्या शाळेच्या वहीवर त्यांनी केलेली प्रत्येक खूण डावीकडे पळायची. ही उजवीकडे पळतेय. ही कोणीतरी उजव्या हाताने केलीय." आणि सगळी खुर्चीवाली मंडळी माझ्या उजव्या हाताकडे पाहू लागली. बोटं पिवळी होती, मेव्हणेबुवा. मी ती धुतली नव्हती.

मग मी सगळं ओकलो. तू धुतलंस, खूण गेली, मी काढली, फोटोत बघून काढली. व्हर्नाचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, ही आता इथेच खाली बसते. "म्हणजे मी बाबांचा हात पुसला?" एवढंच म्हणाली. कोणी हसलं नाही. शाम्पूवाल्यानेसुद्धा मान खाली घातली.

तेव्हा टेसमर म्हणाले, "बाई, जरा थांबा. कारखान्यातला खडू मेणाचा असायचा. मी जन्मभर तोच शोधत फिरतोय. तुमच्या भांड्यांच्या साबणाला तो बापजन्मी दाद देणार नाही. जो गेला तो कारखान्यातला नव्हताच." मग टॉर्च घेऊन गवतावर उताणे पडले आणि सरपटत गाडीखाली गेले. नुसते बूट बाहेर. आणि खालून आवाज आला, "बाई, तुम्ही इकडे या." व्हर्ना, तिचा संधिवात, तिचा चर्चचा निळा झगा, सगळ्यासकट गवतावर आडवी झाली. मीही झालो, मला कोणी बोलावलं नव्हतं. मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलवर, जिथे तिची नळी पोचली नव्हती, तिथे काळ्या तेलकट थराखाली पिवळी खूण होती. डावीकडे पळणारी. व्हर्ना तिला हात लावायला गेली आणि अलीकडेच थांबली. मग रडली. गवतात पडल्या पडल्या रडली, आणि मग मोठ्याने हसली, आणि मीही. हुश्श, मेव्हणेबुवा! मला इतकं हलकं लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

बक्षीस मिळालं नाही. फाजील स्वच्छतेबद्दल गुण कापले. पण टेसमरनी जाताना टोपी काढली, आणि ती गाडीसाठी नव्हती.

असो. प्रकृतीला जपा, रोंडाला आशीर्वाद, नातवंडांना पापे.

आपला आज्ञाधारक,
मर्ल

ता. क. आता राहिला प्रश्न साबणाने गेलेल्या पहिल्या खुणेचा. ती शाळेच्या खडूची होती आणि उजव्या हाताची होती, आणि तुम्ही उजव्या हाताने लिहिता. मी काहीच म्हणत नाही. व्हर्नाला मी सांगितलंय की आधीच्या कुणा मालकाचा उद्योग असेल. आधीचा मालक नव्हताच, हे तिच्या लक्षात आलेलं नाही. निर्धास्त असा.

ता. क. दुसरा. खरी विनंती अशी, की व्हर्नाला एकदा, फक्त एकदा, बोकड चालवू द्या. सोळाव्या वर्षी सासऱ्यांनी तिला स्टिअरिंगमागून उठवलं, ही पोरींची गाडी नाही म्हणून. ती मागणार नाही. मी मागतोय.

ता. क. तिसरा, माझ्या हाताचा नाही. दादा, मी व्हर्ना. यांची पत्रं मी पाकिटात जाण्याआधी वाचते, शुद्धलेखनासाठी. आधीचा मालक नव्हता हे मला कळतं, मी काही खुळी नाही. तुला बाबांचा हात गाडीवर हवा होता, एवढंच ना? मलाही हवा होता. मला विचारलं असतंस तर डावीकडे काढ म्हणून सांगितलं असतं. चावी कालपासून माझ्याकडे आहे. चर्चसमोरच्या रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे उठलेत, पाद्रीबाबा विचारतायत कोणाचे, मी म्हटलं, मी सॅलड वाढत होते. विमानाचं कळव. फ्लिंटला तुला घ्यायला मी येते, बोकड घेऊन. तू शेजारी बसायचंस. आणि ब्रेक लाव म्हणून ओरडायचं नाही.